गेम खेळायला बसताना सोबत उशी ठेवावी

शनिवारी रात्री दहाला मी गेम खेळायला बसलो आणि पावणेबाराला न खेळताच उठलो. मधल्या वेळात काय केलं म्हणाल, तर पट्टी बघितली. 'अपडेट आवश्यक, ६८ जीबी.' आधी डाउनलोडची पट्टी भरली, मग 'कॉपी करत आहे' नावाची दुसरी पट्टी सुरू झाली. कुठून कुठे कॉपी चाललं होतं ते त्या यंत्रालाच ठाऊक. ९९ टक्क्यांवर ती इतका वेळ अडकली की मला तिचीच काळजी वाटायला लागली.

आठवड्यातून एकदा मिळणारा मोकळा वेळ असा सत्कारणी लागला की माणूस आपोआप ज्ञानी होतो. ते ज्ञान स्वतःपाशी ठेवणं बरं नव्हे, म्हणून चार गोष्टी सांगतो.

सगळ्यात आधी, गेम घेतला त्याच दिवशी खेळायची घाई सोडा. तो अवगुण जुन्या काळाने लावलेला आहे. १९८५ सालचा 'सुपर मारियो ब्रदर्स' अख्खाच्या अख्खा ४० केबीत मावत होता. कार्ट्रिज (गेम भरलेली प्लॅस्टिकची डबी) एकदा कारखान्यातून बाहेर पडली की पडली, मागाहून दुरुस्ती नाही. त्यामुळे बनवणाऱ्या बिचाऱ्यांना गेम विकण्याआधी पूर्ण करावा लागायचा. (चुका त्यातही राहिल्या होत्या. एका भिंतीतून नेमकं घुसलं की मारियो कधीच न संपणाऱ्या पाण्याखालच्या जगात जायचा. पण ती चूक शोधायला पोरं रात्री जागायची, आणि ती सापडेपर्यंत गेम तरी चालू असायचा.) आता तो जाच संपला. डिस्क घालायची, ती एखाद्या पावतीसारखी यंत्राला दाखवायची आणि खरा गेम इंटरनेटवरून उतरण्याची वाट बघायची.

हार्ड डिस्कवर लोभ ठेवू नका. २०१९ सालचा 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर' अपडेट खाऊन खाऊन इतका फुगला की पीसीवर २५० जीबीच्या डिस्कमध्ये तो एकटाच मावेना. बाकीचे गेम पुसा. फोटोही पुसा.

'फायनल' या शब्दावर विश्वास ठेवू नका : 'फायनल फँटसी' १९८७ साली आला, त्याचा सोळावा भाग २०२३ साली.

आता पॅच नोट्स. प्रत्येक अपडेटबरोबर काय बदललं याची यादी येते, ती भक्तिभावाने वाचत चला. 'स्थिरतेत सुधारणा केली.' 'विविध दोष दूर केले.' कोणते दोष, विचारू नये. नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. मी ज्या गेमबद्दल बोलतोय (नाव सांगत नाही, तुम्ही आपापल्या गेमचं घाला) त्याच्या तिसऱ्या अंकात एक लिफ्ट आहे. आपला नायक तिच्यासमोर उभा राहतो, बटण दाबतो, बटण हिरवं होतं, 'टिंग' असा आवाजही येतो, आणि दार उघडत नाही. पुन्हा दाबलं की पुन्हा टिंग. जरा जास्त वेळ उभं राहिलं तर नायक हळूहळू घोट्यापर्यंत फरशीत रुततो आणि तसाच रुतलेल्या पायांनी इकडेतिकडे बघत राहतो. गेली तीन अपडेट मी हे बघतोय. जुन्या सेव्हवरून (आधी जपून ठेवलेल्या टप्प्यावरून) परत आलो, गेम काढून पुन्हा टाकला, यंत्र बंद करून दहा मिनिटं वायर काढून ठेवली. तक्रारही केली. 'आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं उत्तर तत्काळ आलं, म्हणजे उत्तर पाठवणारी यंत्रणा मात्र अगदी स्थिर आहे.

शनिवारच्या ६८ जीबीत लिफ्ट उघडली असेल म्हणून मी जागा राहिलो. पावणेबाराला गेम लागला तेव्हा पडद्यावर आलं काय, तर गेममधलं दुकान. नायकासाठी चौदा नवीन जॅकेट! एक तर असं की अंधारात चमकतं. जॅकेटमध्ये एक दोष नाही हो, एकसुद्धा. शिवण सरळ, झिप खालीवर होते, कापडावर पावसाचे थेंब वेगवेगळे दिसतात. ते विकणाऱ्या बटणाला कधी घोट्यापर्यंत रुतलेलं पाहिलंय का कुणी? ते बटण पहिल्याच दाबाला चालतं. दुकानाचा दरवाजा उघडतो आणि लिफ्टचा उघडत नाही, याला काय म्हणायचं? त्याच कंपनीत, त्याच पगारावर माणसं बसलेली आहेत ना? की लिफ्टवाला सोडून गेला आणि जॅकेटवाले चौदा जण ठेवले? २००६ साली 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याचं चिलखत वेगळे पैसे घेऊन विकायला काढलं तेव्हा जगभर हसू झालं होतं. आपण हसलो आणि हसत हसत विकत घेतलं. तेव्हापासून कंपन्या आपल्याला हसताहेत.

असो. मी शांत आहे.

पुढचे भाग. दरवर्षी नवीन भाग घेणाऱ्यालाच खरा चाहता म्हणतात, हे लक्षात ठेवा. फुटबॉलचं बघा. १९९३ पासून 'फिफा' दरवर्षी न चुकता येत राहिला. २०२३ मध्ये नाव बदलून 'ईए स्पोर्ट्स एफसी' झालं, पण येरे माझ्या मागल्या. खेळाडूंनी क्लब बदलले की तुम्ही गेम बदलायचा. वर्षभर खेळाडूंची पाकिटं फोडून, पैसे ओतून अल्टिमेट टीममध्ये (खेळाडू जमवून स्वतःचा संघ बांधायच्या प्रकारात) जमवलेला संघ पुढच्या वर्षीच्या गेममध्ये येत नाही. तिथे पुन्हा पहिल्यापासून जमवायचा. हे फार आरोग्यदायी आहे, माणूस मोहापासून सुटतो.

रोग नवा आहे असं मात्र समजू नका. 'स्ट्रीट फायटर २' १९९१ साली आला आणि १९९४ पर्यंत त्या 'दोन'च्याच पाच आवृत्त्या निघाल्या. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' २०१३ साली आला, मग २०१४ साली नव्या कन्सोलवर (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रावर), २०१५ साली पीसीवर, २०२२ साली त्याहून नव्या कन्सोलवर. इतक्या वेळा तर नाटकांचेही प्रयोग 'शेवटचा' म्हणून लागत नाहीत.

जुना गेम आवडत असेल तर तसं मोठ्याने बोलू नका, तो बंद करतील.

ही थट्टा नाही. 'ओव्हरवॉच' २०१६ साली लोकांनी पैसे मोजून घेतला. ऑक्टोबर २०२२ मध्ये दुसरा भाग आला आणि पहिल्याचे सर्व्हर (गेम चालवणारे कंपनीचे संगणक) बंद. ज्याला पहिलाच खेळायचा होता त्याने काय करायचं? काही नाही. २०१४ सालच्या 'द क्रू'चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, आणि त्याबरोबर एकट्याने गाडी फिरवणंसुद्धा बंद. कुणाशी शर्यत लावायची नव्हती हो, नुसती रिकाम्या रस्त्यावर गाडी फिरवायची होती. तेवढ्यासाठीही सर्व्हर लागावा असं कंपनीनेच बनवलं, आणि मग तिनेच तो काढून घेतला.

अपडेट वाईट असतात असं माझं म्हणणंच नाही. 'नो मॅन्स स्काय' २०१६ साली अर्धा कच्चा आला, त्याने शिव्या खाल्ल्या, पण तो बनवणारी माणसं वर्षानुवर्षं फुकट भर घालत राहिली. 'स्टारड्यू व्हॅली' एका माणसाने बनवला, तोही तेच करतो. आणि दरवर्षी येणाऱ्या 'असॅसिन्स क्रीड'चा २०१४ सालचा 'युनिटी' आला तेव्हा काही पात्रांचे चेहरेच गायब होते, नुसते डोळे आणि दात हवेत. त्यानंतर २०१६ साली मालिकेचा मुख्य भाग आलाच नाही. आभाळ कोसळलं का? वर्षभर थांबता येतं, म्हणजे येतं. ठरवलं तर.

पण गेम कंपन्यांनो, तुम्ही ठरवत नाही. तुम्हाला मार्चअखेरचा आकडा दिसतो, लिफ्ट दिसत नाही. गेम तपासायचं काम पैसे घेऊन आमच्याकडून करवून घेता आणि त्याला 'समुदायाचा सहभाग' म्हणता. लाज वाटू द्या थोडी.

आणि आपणही काही कमी नाही. गेम आला नाही, कुणी पाहिला नाही, तरी आगाऊ पैसे भरून मोकळे. पहिल्या दिवशी शिव्या, तिसऱ्या दिवशी जॅकेट. मीही भरले होते, या लिफ्टवाल्या गेमचे, सहा महिने आधी. सोन्याचा पट्टा फुकट मिळणार होता म्हणून. तो पट्टा आता फरशीत रुतलेल्या माणसाच्या कमरेला आहे.

पुढच्या भागाची जाहिरात कालच आली. बघणार नाही, भरणार नाही, नाव काढू नका. आधी ती लिफ्ट उघडा.