गार पाणी येतं कुठून?

सोलरचं पाणी हा आमच्या सोसायटीत श्रद्धेचा विषय आहे. सकाळी नळ सोडायचा, धारेखाली बोट धरायचं आणि वाट बघायची. गरम आलं तर आपलं नशीब, गार आलं तर बिल्डरचा दोष. तळमजल्यावरच्या काकूंच्या मते पहाटे साडेपाचच्या आत आंघोळ उरकणाऱ्यालाच गरम पाणी मिळतं. चौथ्या मजल्यावरचे आजोबा काचांवरच्या धुळीला दोष देतात. सेक्रेटरी म्हणतात, ‘ढग होते.’ हे ते एप्रिलमध्येही म्हणतात.

माझं एवढ्यावर भागत नाही. घरात पाइप पाना, टेफ्लॉन टेप आणि हॅकसॉ असलेला माणूस स्वस्थ बसूच शकत नाही. बायको याला ‘उद्योग’ म्हणते. ‘प्लंबरला बोलावते हं!’ हे वाक्य आमच्याकडे धमकी म्हणून वापरलं जातं.

तर गुलाबजामच्या पाकासाठी आणलेला थर्मामीटर खिशात टाकून मी गच्चीवर गेलो. सोलर ही अत्यंत सज्जन वस्तू आहे. काचेच्या दुहेरी नळ्या, दोन काचांच्या मधे निर्वात पोकळी. आतलं पाणी तापलं की हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं, टाकीतलं गार पाणी जड म्हणून खाली नळ्यांत उतरतं. पंप नाही, वीज नाही, तक्रार नाही. संध्याकाळी टाकीचं पाणी ६२ अंश, पहाटे ५७. म्हणजे टाकी निर्दोष, धूळ निर्दोष आणि ढगही निर्दोष.

पहिली बादली गार येणार, हे मला मान्य आहे. २५ मिलिमीटरच्या पाइपात मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीपासून आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत वळणं घेत तीसेक मीटर पाइप, म्हणजे रात्रभर निवलेलं पंधरा लिटर पाणी. ते बाजूला काढून संडासाला वापरावं, हे घरी दोनदा समजावलं. पण आमचं दुखणं वेगळं होतं. दुसरी बादली मस्त गरम, आणि अंगाला साबण लावून झाला की धार एकदम गार. थोड्या वेळाने पुन्हा कोमट. मग पुन्हा गार.

आजीच्या तांब्याच्या बंबात हे शक्य नव्हतं. वरून गार पाणी ओतायचं, की तेवढंच गरम पाणी दुसऱ्या तोंडातून बाहेर. आजचा गीझरही तेच करतो: गार पाणी खालून शिरतं आणि गरम पाण्याला वरून बाहेर ढकलतं. फक्त शेण्यांच्या जागी २ किलोवॉटची कॉइल, जी १५ लिटर पाण्याला वीसेक मिनिटं घेते. पण बंबात शेजाऱ्यांच्या घरचं गार पाणी शिरायची सोय नव्हती. आमच्या गरम लाइनीत मात्र कुठूनतरी गार पाणी शिरत होतं, याची मला खात्री पटली.

हे तपासायची युक्ती सोपी आहे. घरात येणाऱ्या गार पाण्याचा मेन कॉक बंद करायचा आणि गार नळ सोडायचा. पाइपातलं उरलंसुरलं संपून धार थांबली, तर आपल्या घरात दोन्ही लाइनी कुठे जोडल्या गेलेल्या नाहीत. चालूच राहिली, तर ते पाणी गरम लाइनीतून येतंय. आमची धार थांबली. मी हे जरा मोठ्याने जाहीर केलं. आतून आवाज आला, ‘आधी कॉक उघडा, कुकर घासायचाय.’

मग सकाळच्या गर्दीत जिन्यातल्या पाइपांच्या डक्टची दारं उघडत वर निघालो. गरम पाइपावरचं इन्सुलेशन कबुतरांनी जागोजागी उचकटून ठेवलेलं होतं, तिथे बोट लावायचं. दुसरा मजला गार. तिसरा, चौथा, पाचवा गार. सहाव्या मजल्याच्या फाट्याच्या खाली पाइप माठासारखा गार, आणि फाट्याच्या वर असा चटका बसला की मी आनंदाने ओरडलो.

सहाव्यावर नवं बिऱ्हाड आलंय. दार आजींनी उघडलं. पाण्याविषयी विचारताच म्हणाल्या, ‘आमचा पंप ना, पहाटे आपला आपणच सुरू होतो. घरात सगळे झोपलेले असतात हो!’ त्यांनी बाथरूमच्या माळ्यावरचा पंप दाखवला. त्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं.

उलगडा तिथेच झाला. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. सहावा मजला टाकीच्या पायाशी, उंची जेमतेम तीन मीटर, म्हणजे ०.३ बार. तेवढ्या दाबात त्यांच्या भल्यामोठ्या रेन शॉवरमधून नुसतं ठिबकायचं. म्हणून त्यांनी गार लाइनीवर दीड बारचा पंप बसवला. हँडशॉवरच्या मुठीला बटण, आणि गरम-गार पाणी मिसळणाऱ्या मिक्सरचे दोन्ही नळ कायम उघडे. बटण बंद असलं की गार पाण्याला एकच वाट उरते: मिक्सरमधून गरम लाइनीत आणि तिथून तळमजल्यासकट खालच्या सहा मजल्यांना. खाली कुणी गरम नळ सोडला, की वर पंप जागा. त्यांना स्वतःला पत्ता नाही, कारण ते आंघोळीला इन्स्टंट गीझर लावतात.

‘आजी, मिक्सरचे नळ बंद करत चला.’

‘अरे, बटण दाबलं की पाणी बंद होतं ना? मग नळ कशाला बंद करायचा?’

तर्काला तोड नव्हती. उपाय एकच, फाट्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, काही शे रुपयांचा तुकडा. तोही झडपेचा हवा; स्प्रिंगचा कडक निघाला, तर टाकीच्या एवढ्याशा दाबाला तो उघडतच नाही. यावर कमिटीची मीटिंग झाली. पैसे सोसायटीने द्यायचे की सहाव्याने, यात जो वेळ गेला त्यात सहा मजल्यांच्या आंघोळी झाल्या असत्या. डक्टमधलं काम सोसायटीच्याच प्लंबरने करायचं, असंही ठरलं. मी व्हॉल्ववरचा पाण्याची दिशा दाखवणारा बाण त्याला दाखवला. तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, बाण सगळ्यांवरच असतो.’ मी तिथेच उभा राहिलो. बाण सहाव्याच्या घराकडे वळेपर्यंत हललो नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्यांवर कढत पाणी. सकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात तळमजल्यावरच्या काकू, हात लालबुंद.

‘तुम्ही पाण्याचं काहीतरी केलंत म्हणे? अहो, आता त्यात गार कोण ओतत बसणार? पूर्वी कसं, मिसळूनच यायचं!’