काका नाटक करत नाहीत, मन घट्ट करा म्हणणाऱ्यांनी हे वाचा

आमच्या भावकीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय, खानापूर निपाणीकडचे पाहुणेपण पाठवायलेत: 'कंपवात (पार्किन्सन) हा रोगच नव्हे, मन कमकुवत झालं की हात थरथरतो, मन घट्ट करा, गोळ्या सोडा.' वडगावात माग चालवून आयुष्य काढलेल्या आमच्या काकांना 7 वर्षं झाली हा आजार होऊन, म्हणून लिहायलोय.

मन कमकुवत म्हणे. अहो, मेंदूत खोलवर काळसर पेशींचा एक बारका भाग असतो, तिथं डोपामिन म्हणजे हालचालीला लागणारं रसायन तयार होतं, त्या पेशी मरत जातात आणि थरथर दिसेपर्यंत निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरनं 1817 ला या आजाराचं वर्णन लिहून ठेवलंय. यात धीराचा काय संबंध?

टेन्शननं थरथर वाढते हे मात्र खरंय. बँकेत सही करताना मागं लाईन असली की काकांचा हात जास्तच हलतो. पण गुडघा थंडीत जास्त दुखतो म्हणून थंडीनंच झिजला म्हणणार काय?

आणि सगळ्यात राग आला तो त्याच मेसेजमधल्या ह्या वाक्याचा, 'अडकलेला पेशंट एकदम चालतो, म्हणजे नाटक.' स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले की काकांचे पाय फरशीला चिकटल्यासारखे व्हायचे, अंग पुढं जातंय पाय नाही, काकू हात धरून ओढायची आणि ते तोल जाऊन पडायचे. फिजिओथेरपीवाल्या ताई म्हणाल्या ओढू नका, दारापुढं पावलापावलावर खडूनं आडव्या रेघा मारा. मारल्या. काकांनी पहिली रेघ बघितली, पाय उचलून पलीकडं टाकला, मग दुसरी, तिसरी, आणि आत. काकू रडायलाच लागली. रोजचं चालणं आपण विचार न करता करतो, ते आपोआप चालवणारी यंत्रणाच यात बिघडलेली असते, पण रेघ दिसली की पाऊल मुद्दाम टाकलं जातं आणि मेंदू दुसऱ्या वाटेनं काम काढून घेतो. सगळ्यांना रेघा लागू पडतीलच असं नाही. ठेकापण चालतो, काका मागाच्या चालीवर 'खट खट' म्हणत जातात, मधेच कुणी 'जेवला काय' विचारलं की लक्ष तिकडं जातं आणि पाय थांबतो.

गोळ्या सोडा हे तर जीवावरचं आहे. काकांच्या गोळीत लेव्होडोपा हे औषध असतं, त्याचं मेंदूत डोपामिन होतं, त्यावरच काकांचा दिवस चालतो. ती गोळी अचानक बंद केली तर अंग ताठ होऊन जोराचा ताप येऊ शकतो, माणूस दगावूपण शकतो. कमीजास्त करायची तर डॉक्टरला विचारूनच.

ज्या मामांनी मेसेज टाकलाय त्यांनी तो आधी डिलीट करावा, आणि एकदा घरी येऊन बघावं. खडू पुसला जातो म्हणून आता आम्ही पिवळी टेप चिकटवलीय.