नडगी दुखते म्हणाली, तेव्हाच ऐकायला हवं होतं

बॅले हा पाश्चात्त्य नाच शिकणाऱ्या मुलींच्या दुखापतींवरचा लेख वाचला आणि माझी पोरगी डोळ्यापुढं आली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात बॅले कुठला, पण गॅदरिंगच्या नाचाची तालीम असते: सिमेंटच्या ओट्यावर, अनवाणी, रोज दोन-दोन तास. महिनाभर नडगी दुखते म्हणत होती, आम्ही तेल चोळत राहिलो. शेवटी हाडाला बारीक चीर निघाली. बॅलेतही एकदम पडण्यापेक्षा रोजच्या ताणाच्या दुखापती जास्त, त्यात उंची झपाट्यानं वाढते ते वय फार नाजूक. तिकडं निदान लवचिक लाकडी जमीन असते. जेवण कमी, पाळी लांबलेली, हेही हाडांना भोवतं. आयांनो, लक्ष ठेवा. यंदा सरांना सांगितलं, तालीम मैदानातल्या मातीवर घ्या, दुखते म्हणणारीला बसू द्या.