घोटा मोडल्यावर एइदुर थांबला होता

भाच्याचा घोटा टम्म सुजलाय, डॉक्टरांनी मैदान बंद सांगितलंय, तरी साहेब बूट घालून दारात उभे. का, तर त्याच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड: आइसलँडचा फुटबॉलपटू एइदुर गुडयॉनसेन वडिलांच्या खांद्याला खांदा लावून देशाकडून खेळला, घोटा मोडला तरी ‘एक दिवसही थांबला नाही’, बार्सिलोनाला एकहाती तीन करंडक जिंकून दिले आणि पुण्यात पैसे घेऊन पळाला.

एक दिवस? अहो, जवळजवळ दोन वर्षं! मे १९९६ मध्ये आयर्लंडविरुद्धच्या युवा सामन्यात घोटा मोडला, तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि पीएसव्ही या डच क्लबमध्ये ब्राझीलच्या रोनाल्डोबरोबर खेळत होता. त्यानंतर पीएसव्हीकडून त्याला खेळताच आलं नाही. १९९८ मध्ये तो मायदेशी केआर क्लबकडे परतला, मग इंग्लंडमधले क्लब: बोल्टन, आणि २००० मध्ये चेल्सी. थांबला म्हणूनच पुढे चेल्सीबरोबर इंग्लिश लीगची दोन विजेतेपदं बघितली. हे सोडून पोरांना दुखणं अंगावर काढायला कोण शिकवतंय?

वडिलांबरोबर तो कधीच खेळला नाही. २४ एप्रिल १९९६, टॅलिन, एस्टोनियाविरुद्धचा सामना. बदलीची नोंद स्पष्ट आहे: वडील आर्नोर बाहेर, एइदुर आत. बाप मैदानाबाहेर पडला तेव्हा मुलगा आत आला, मग खांद्याला खांदा कुठून लागणार? दोघांना एकत्र उतरवायचं ते घरच्या प्रेक्षकांसमोर, असा आइसलँडच्या फुटबॉल संघटनेचा विचार होता. महिनाभरात तोच घोटा मोडला आणि ते राहूनच गेलं.

बार्सिलोनाचे २००९ चे तीन करंडक खरे, तेवढं मान्य. पण ‘एकहाती’? रोममधल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तो राखीव खेळाडूंत बसून होता, उतरवलाच नाही.

आणि पुणे. २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीने त्याला करारबद्ध केलं, हंगामाआधीच दुखापत झाली, जागी मोहम्मद सिसोको आला. यात पळाला कुठे?

गुडयॉनसेन एकत्र खेळल्याचीच गोष्ट हवी असेल, तर ऑक्टोबर २०२१ चा लिश्टेनश्टाइनविरुद्धचा सामना बघा. एइदुरच्या थोरल्या मुलाने, स्वेन आरोनने, पास दिला आणि मधल्या आंद्रीने गोल केला. बाप सहायक प्रशिक्षक होता.