‘कॅसेटछाप’ गायकाची बाजू: झोहार अर्गोव्हवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

इस्रायली संगीतावरचा एक मजकूर सध्या हातोहात पुढे जातोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मिझराही, म्हणजे ‘पूर्वेकडचं’ संगीत हे उसन्या अरबी-तुर्की चालींवर हिब्रू शब्द डकवलेलं कॅसेटछाप गाणं, दर्जा नव्हता म्हणून रेडिओने ते लांब ठेवलं, त्यांचा ‘राजा’ झोहार अर्गोव्ह अकाली मेला म्हणून मोठा झाला, आणि शेवटी हे सगळं रडगाणंच. चार वाक्यांत चार घोटाळे.

चालींपासून सुरुवात करू, कारण तिथे अर्धं खरं आहे. तुर्की, ग्रीक, अरबी चालींवर बेतलेली मिझराही गाणी ढिगाने सापडतात, ते नाकारायचं कारण नाही. पण ‘उसन्या’ कशा? येमेन, इराक, मोरोक्कोहून आलेल्या ज्यूंसाठी मकाम (अरबी संगीतातली आपल्या रागासारखी स्वरचौकट) ही शेजाऱ्याकडून मागून आणलेली वस्तू नव्हती. सालेह आणि दाऊद अल-कुवैती हे भाऊ ज्यूच. बगदादच्या रेडिओचा वाद्यवृंद उभा करण्यात त्यांचा हात होता आणि इराकभर त्यांची गाणी गाजत होती. 1951च्या सुमारास ते इस्रायलला आले. त्यांनी अरबी चाल वाजवली तर ती चोरी कुणाच्या घरातली? ग्रीक धागा वेगळा. आरिस सान हा ग्रीक गायक 1950च्या दशकाच्या अखेरीस इस्रायलला आला आणि तेल अवीवला लागून असलेल्या याफाच्या क्लबात इलेक्ट्रिक गिटार बुझुकीसारखी (हे ग्रीक तंतुवाद्य) वाजवू लागला. तो आवाज पुढे मिझराही गाण्याच्या अंगातच भिनला.

आणि ज्या गाण्याने झोहार घराघरात पोचला ते ‘पेराह बेगानी’ (माझ्या बागेतलं फूल) तर मुळीच उसनं नाही. शब्द आणि चाल अविहू मेदिनाची, वाद्यमेळ रुमानियात जन्मलेल्या नॅन्सी ब्रँडेसचा, गळा रिशोन लेझियोनमधल्या येमेनी घरातल्या पोराचा. याला नक्कल म्हणायचं तर अस्सल कशाला म्हणायचं, ते आधी फॉरवर्डकर्त्याने सांगावं.

आता रेडिओ. तेव्हा प्रसारण सरकारी होतं. खासगी व्यापारी केंद्रं 1990च्या दशकात आली. चांगलं हिब्रू गाणं कसं असावं याची कल्पना प्रामुख्याने पूर्व युरोपातून आलेल्यांनी ठरवलेली होती. मिझराही गाण्याला ठरावीक कार्यक्रमांचा कोपरा आणि वेगळा महोत्सव मिळे. बाकीचा दिवस इतरांचा. मग लोकांनी आपला रस्ता काढला. 1973च्या युद्धानंतर रूवेनी बंधूंकडच्या लग्नात दकलोन आणि बेन मोश गायले, त्याचं ध्वनिमुद्रण जो तो मागू लागला आणि त्यातूनच कॅसेटचा धंदा उभा राहिला. तेल अवीवच्या जुन्या बसस्थानकाजवळच्या टपऱ्यांवर या कॅसेट विकल्या जात. ‘कॅसेटछाप’ हा शब्द तिथला. पण त्यातून दर्जा कळत नाही, फक्त दुकानाचा पत्ता कळतो. (2022 साली याच मेदिनाला हिब्रू गाण्यासाठी ‘इस्रायल पुरस्कार’ मिळाला. सरकारी कानाला एवढा वेळ लागला.)

ओफ्रा हाझाचंही पाहा. तेल अवीवच्या हातिकवा वस्तीतली येमेनी गायिका. सतराव्या शतकातले कवी शालोम शबाझी यांचं ‘इम निनआलू’ तिने 1984च्या येमेनी गाण्यांच्या तबकडीत गायलं होतंच. त्याचंच नाचाच्या ठेक्यावरचं रूप 1988मध्ये पश्चिम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलं. दर्जा या चार वर्षांत बदलला नव्हता.

‘मेला म्हणून मोठा झाला’ याला तारखा पुरेशा आहेत. झोहारचं ‘एलिनोर’ हे गाणं 1980चं, ‘पेराह बेगानी’चा मिझराही महोत्सवातला विजय 1982चा, मृत्यू 1987चा. पण त्याला संत करायचीही गरज नाही. हेरॉइनचं व्यसन होतं, त्याआधी बलात्काराच्या गुन्ह्यात तो तुरुंगात जाऊन आला होता, आणि शेवटी 32व्या वर्षी कोठडीतच त्याने जीव दिला. आवाज थोर म्हणून हे झाकू नये. आणि हे घडलं म्हणून आवाज खोटा ठरत नाही.

राहिलं रडगाणं. ‘पेराह बेगानी’ची सुरुवात ऐका: ताल सुरू होण्याआधी तो गळा मोकळा सोडतो, त्याला मव्वाल म्हणतात. आपल्या आलापाच्या जवळची गोष्ट. स्वर वळवत, थरथरवत नेणं याला तिथे ‘सिलसुलिम’ म्हणतात, आणि चाहते आधी तेच ऐकतात. या संगीतात हिजाझ मकाम वारंवार भेटतो. त्याचा खालचा भाग भैरवाच्या पूर्वांगासारखा, कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार. मराठी कानाला म्हणूनच ते परकं वाटत नसावं, असा माझा अंदाज. शिवाय ही गाणी ‘हफला’ म्हणजे घरगुती मैफली आणि लग्नांच्या मांडवात वाढली. लोक त्यांवर नाचतात. कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलींनाही तिथे बऱ्याचदा याच ‘मिझराही’ खात्यात मोजतात. त्यांचं कीर्तन मात्र मराठीतलं, आणि ते कुठल्याच अरबी चालीची नक्कल नाही.