‘थँक्यू’ हाताने म्हणायचं तर

मराठी घरात आभार मानायला ‘आभार’ हा शब्द क्वचितच लागतो. ‘बरं झालं आलास’, ‘देव तुझं भलं करो’, नाहीतर नुसतं ‘अगं, आठवणीनं आणलंस!’ गोव्यात कोकणीत ‘देव बरें करूं’ म्हणतात. कृतज्ञता सगळी आवाजात उतरलेली असते. म्हणूनच कर्णबधिर माणसापुढे आपली पंचाईत होते. जेवण घेऊन आलेल्या रायडरला पुटपुटत ‘थँक्यू’ म्हणून आपण दार लावतो आणि त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही.

भारतीय सांकेतिक भाषेतली खूण शिकायला मिनिटभर पुरे. आधी नजरेला नजर. तो बघत नसेल तर हात हलवा किंवा खांद्यावर हलकेच टॅप करा. ओरडून उपयोग नाही. मग पंजा सरळ, बोटं जुळलेली, तळहात आपल्याकडे. बोटांची टोकं हनुवटीला लावा आणि हात त्याच्या दिशेने, किंचित खाली, साधारण वीतभर न्या. तळहात आपोआप वर उघडतो. एकदाच, सावकाश.

चुका ठरलेल्या असतात. हात ओठांवरून निघाला की तो फ्लाइंग किस दिसतो, म्हणून हनुवटी सोडू नका. दुसरी चूक जास्त खटकते: खूण अचूक, पण चेहरा कोरा. आवाजातला चढउतार इथे भुवया, डोळे आणि हसू सांभाळतात. ‘खूप खूप आभार’ म्हणायचं तर खूण तीच, फक्त जरा मोठी आणि संथ, चेहरा भरून.

ही भाषा जगभर एकच आहे, हा समज मात्र सोडा. जपानी सांकेतिक भाषेत एक हात आडवा धरून दुसऱ्या हाताची कड त्याच्या पाठीवरून वर उचलतात. आपल्या खुणांसाठी भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश बघा. 2018 मध्ये तो 3,000 शब्दांचा होता, 2021 च्या आवृत्तीत 10,000 झाले. आणि कृपा करून ‘मूकबधिर’ म्हणू नका. ज्याला स्वतःची भाषा आहे तो मुका कसा?

कार्यक्रमात टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून पंजे मनगटातून फिरवायचे. स्टेजवरच्या कर्णबधिर कलाकाराला शेवटच्या रांगेतलेही हात दिसतात.

दारात खूण करून झाली की लगेच फोनकडे वळू नका. समोरूनही उत्तराची खूण येते, ती बघायला थांबा.