काउंटरवर ‘नो’ म्हणा, म्हणे!

परदेशात गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी ‘सात सोनेरी नियम’ असा एक फॉरवर्ड सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि शाळेच्या बॅचच्या ग्रुपांवर फिरतोय. सार एवढंच: काउंटरवरची पोरं कमिशनसाठी इन्शुरन्स गळ्यात मारतात, तुम्ही डोळे मिटून ‘नो’ म्हणा, लागणारं सगळं कव्हर तुमच्याकडे आधीच आहे. दिवाळीनंतर मुलाकडे कॅलिफोर्नियाला निघालेल्या आमच्या मामांनी त्याची प्रिंट काढून पासपोर्टच्या पाकिटात ठेवली आहे. तेव्हा आता गप्प बसून चालणार नाही. नियम फॉरवर्डच्या क्रमाने घेत नाही, जो जास्त घातक तो आधी.

‘नियम ३: ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये १ लाख डॉलरची पर्सनल लायबिलिटी असते, अपघात झाला तर तीच वापरा.’

पर्सनल लायबिलिटी म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. आकडा बरोबर आहे, बऱ्याच पॉलिसींच्या तक्त्यात तो दिसतो. पण तक्त्याखालचं कलम कोणी वाचायचं? पॉलिसीचं पीडीएफ उघडा, पर्सनल लायबिलिटीच्या अपवादांमध्ये जा. वाहन, विमान किंवा बोट यांची मालकी, ताबा किंवा वापर यांतून आलेली जबाबदारी तिथे सरळ वगळलेली असते. हॉटेलात नळ उघडा राहिला आणि खालच्या खोलीत पाणी गळलं, असल्या प्रसंगांसाठी ते कलम आहे. स्टिअरिंगला हात लावलात की ते संपलं. तुम्हाला स्वतःला लागलं तर हॉस्पिटलचा खर्च तीच पॉलिसी देते, हे खरं. पण समोरच्याच्या गाडीचं आणि समोरच्याच्या हाडांचं बिल ती देत नाही.

हे बिल किती येऊ शकतं ते देशावर ठरतं, आणि अमेरिकेत ते सगळ्यात वाईट. कॅलिफोर्नियात गाडीवर किमान किती लायबिलिटी हवी याचे आकडे १ जानेवारी २०२५ पासून वाढले: एका जखमी माणसामागे ३० हजार डॉलर, एका अपघातात सगळ्या जखमींचे मिळून ६० हजार, मालमत्तेच्या नुकसानीचे १५ हजार. त्याआधी हेच १५, ३० आणि ५ हजार होते. वाढलेल्या १५ हजारांतही एक नवी इलेक्ट्रिक गाडी भरून निघत नाही, आणि ३० हजार डॉलर तिथल्या हॉस्पिटलात ऑपरेशन आणि काही दिवसांच्या मुक्कामात उडतात. वर गंमत अशी की बऱ्याच भाडेकरारांत लिहिलेलं असतं, कायद्याने भाग पाडलं नाही तर कंपनी लायबिलिटी देणार नाही. ‘गाडी कंपनीची, मग कंपनी भरेल’ हाही भ्रम नको. २००५ च्या ग्रेव्ह्ज अमेंडमेंट या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार कंपनीची स्वतःची चूक नसेल तर निव्वळ मालक आहे म्हणून तिला जबाबदार धरता येत नाही. वकिलाची नोटीस येते ती चालवणाऱ्याच्या नावाने.

म्हणून अमेरिकेत एसएलआय, म्हणजे सप्लिमेंटल लायबिलिटी (समोरच्याच्या नुकसानीचं जादा कव्हर), हवीच. कंपनीनुसार तिची मर्यादा ३ लाख ते १० लाख डॉलरपर्यंत असते. ती काउंटरवर महाग पडते, त्यासाठी आधीच एक काम करा. बुकिंग करताना ‘राहण्याचा देश’ भारत निवडा. परदेशी पाहुण्यांसाठीच्या दरात गाडीच्या नुकसानीचं वेव्हर (म्हणजे त्याचे पैसे न मागण्याचं वचन) आणि एसएलआय अनेकदा आधीच धरलेलं असतं. मुलाने प्रेमाने आपल्या तिथल्या अकाउंटवरून स्वस्तात बुक करून दिलं की हे दोन्ही हातचं जातं. मुलाच्या स्वतःच्या कारची पॉलिसी असेल तर ती बहुधा त्याने भाड्याने घेतलेल्या गाडीलाही लागू होते. अशा वेळी गाडी त्याच्या नावाने घ्यावी, वडिलांचं नाव करारात जादा ड्रायव्हर म्हणून घालावं, आणि वडिलांनी चालवलेलं चालतं का हे त्याने आपल्या इन्शुरन्स कंपनीला ईमेलवर विचारून ठेवावं. तोंडी विचारून उपयोग नाही.

युरोपात मात्र या बाबतीत फॉरवर्ड अर्धा खरा ठरतो, नाइलाजाने मान्य करतो. तिथे थर्ड पार्टी सक्तीची आहे, भाड्यात धरलेलीच असते, आणि युरोपीय संघाची किमान मर्यादाच एका जखमीमागे सुमारे १३ लाख युरो आहे. वेगळी लायबिलिटी घेण्याची गरज नाही. न्यूझीलंडमध्ये अपघातातल्या दुखापतीचे उपचार तिथली सरकारी एसीसी योजना पर्यटकांनाही देते, पण थर्ड पार्टी विमा तिथे सक्तीचा नाही. तेव्हा दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान करारात धरलंय का, तेवढं बघा.

‘नियम २: भारतातली कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी जगात कुठेही चालते.’

हे लिहिणाऱ्याने स्वतःची पॉलिसी कधी उघडलेली नाही. ती तुमच्या एमएच १२ च्या गाडीची आहे, तुमची नाही. आणि तिच्यावर भौगोलिक क्षेत्र ‘भारत’ असं छापलेलं असतं. जादा प्रीमियम भरून ते वाढवता येतं: बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव. यादी संपली. तीही त्याच गाडीसाठी. स्वित्झर्लंडच्या इंटरलाकेनला भाड्याने घेतलेल्या गाडीचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.

‘नियम १: सीडीडब्ल्यू भाड्यातच असतो, त्यात सगळं येतं.’

सीडीडब्ल्यू म्हणजे कोलिजन डॅमेज वेव्हर, भाड्याच्या गाडीच्याच नुकसानीचा. भाड्यात असतो, हे युरोपात बहुतेकदा खरं. सगळं येतं, हे खोटं. सीडीडब्ल्यू हा मुळात विमाच नाही. नुकसान झालं तर ठराविक रकमेच्या वरचे पैसे तुमच्याकडून मागणार नाही, एवढंच कंपनीचं वचन. ती ठराविक रक्कम म्हणजे एक्सेस, लहान गाडीला साधारण १००० ते २००० युरो, मोठीला त्याहून जास्त. बंपरला ३०० युरोचं नुकसान झालं तर ते ३०० पूर्ण तुमचे, वर गाडी दुरुस्तीत उभी राहिली त्या दिवसांचं भाडं आणि अ‍ॅडमिन फी.

शिवाय काही गोष्टी सीडीडब्ल्यूत बहुधा नसतातच: टायर, काचा, आरसे, छप्पर, गाडीचा तळ, हरवलेली किल्ली, चुकीचं इंधन. यातल्या शेवटच्या गोष्टीत आपली माणसं हमखास फसतात, कारण नोझलच्या रंगावर विश्वास ठेवतात. ब्रिटनमध्ये हिरवं नोझल पेट्रोलचं, अमेरिकेत बऱ्याच पंपांवर हिरवं हँडल डिझेलचं. युरोपात २०१८ पासून लेबलं ठरलेली आहेत: गोलात ई५ किंवा ई१० म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी७ म्हणजे डिझेल. टाकीच्या झाकणाच्या आत तोच आकार चिकटवलेला असतो, तो जुळवा. चुकून भरलंच तर गाडी सुरू करू नका, चावीही फिरवू नका. सुरू केली तर चुकलेलं इंधन पंपातून इंजेक्टरपर्यंत जातं आणि टाकी रिकामी करण्याचं बिल इंजिनच्या बिलापर्यंत चढतं.

देशोदेशीचे नखरे वेगळे. आइसलंडमध्ये वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागरीतून वाकलं, तर ते बहुतेक कव्हरांत बसत नाही. दार उघडताना एका हाताने धरून ठेवा. नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर बहुतेक कंपन्या काही देत नाहीत. जपानमध्ये सीडीडब्ल्यू घेतला तरी एनओसी (नॉन-ऑपरेशन चार्ज, म्हणजे गाडी दुरुस्तीत बंद राहिल्याचा) नावाचा आकार उरतो: गाडी स्वतः चालवत परत आणलीत तर साधारण २० हजार येन, आणता आली नाही तर ५० हजार. तिथे आणि दुबईत छोट्या धक्क्यालाही पोलीस बोलवायचे. रिपोर्ट नाही तर कव्हर नाही. युरोपात डॅशबोर्डच्या कप्प्यात अपघाताच्या निवेदनाचा छापील फॉर्म असतो, तो दोन्ही ड्रायव्हरांनी तिथेच भरून सही करायचा. परकी भाषेतलं कळत नसेल तर सही करण्याआधी भाड्याच्या कंपनीला फोन लावा.

‘नियम ५: वेबसाइटवर फुल प्रोटेक्शन घ्या, डिपॉझिट लागत नाही.’

लागतं. दलाल साइटवरचं फुल प्रोटेक्शन हे परताव्याचं आहे. नुकसान झालं की भाड्याची कंपनी आधी तुमच्या कार्डावरून पैसे कापणार, मग तुम्ही करार, गाडी घेतानाचा आणि परत करतानाचा गाडीच्या स्थितीचा शीट, नुकसानीचं बिल, कार्डाचं स्टेटमेंट आणि फोटो पाठवायचे, मग साइट पैसे देणार. काउंटरवरच्या माणसाला त्या पॉलिसीशी घेणंदेणं नाही, तो एक्सेसची रक्कम ब्लॉक करणारच. म्हणजे क्रेडिट कार्डावर दोनेक लाखांची मोकळी लिमिट हवी, कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं हवं, प्रीपेड फॉरेक्स कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच येतात. अ‍ॅपमध्ये ते आणि त्याची लिमिट इथूनच सुरू करून निघा. तिकडे ओटीपीसाठी सिमची शोधाशोध करत काउंटरवर उभं राहणं म्हणजे दीड तास गेला. कार्ड चाललं नाही तर गाडी मिळत नाही आणि आधी भरलेले पैसेही बहुधा जातात.

‘नियम ४: क्रेडिट कार्डावर फुकट कव्हर असतं.’ अमेरिकेत दिलेल्या अनेक कार्डांवर असतं. अटी अशा: करारावर मुख्य भाडेकरू कार्डधारकच हवा, पूर्ण भाडं त्याच कार्डावर, आणि काउंटरचं सीडीडब्ल्यू नाकारलेलं. मिळतं ते फक्त भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचं, लायबिलिटी शून्य. कित्येक कार्डांच्या नियमांत आयर्लंड, इस्रायल, जमैका वगळलेले असतात. भारतीय कार्डांवर सहसा विमान अपघात आणि हरवलेलं सामान एवढंच असतं. पुस्तिकेत भाड्याच्या गाडीचा शब्द सापडला तरच धरा.

‘नियम ६: ओरखडा पडला तर बाहेरून डेंटिंग-पेंटिंग करून घ्या, कंपनीला कळत नाही.’ हा नाना पेठेतला उपाय झाला. परवानगीशिवाय दुरुस्ती हा करारभंग आहे. सीडीडब्ल्यू असेल तर तोही जातो आणि एक्सेसची मर्यादाही उरत नाही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र हाताएवढं असतं आणि नव्याने दिलेला रंग त्यात पकडला जातो, हेही मामांना कोणीतरी सांगा.

‘नियम ७: लायसन्स इंग्रजीत आहे, आयडीपी कशाला?’ आयडीपी म्हणजे परदेशात चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना. ब्रिटनमध्ये पर्यटकाला नाही लागत. इटलीत, जपानमध्ये लागतो. नसताना चालवलीत तर तुम्ही वैध परवान्याशिवाय चालवत होता, म्हणजे घेतलेलं प्रत्येक कव्हर वाऱ्यावर. सारथी पोर्टलवर फॉर्म ४ए भरा, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. संगम पुलाजवळच्या आरटीओचं काम. मूळ लायसन्स सोबत न्यायचंच, नुसत्या आयडीपीला किंमत नाही.

आता काउंटरवर खरोखर नाकारण्यासारखं काय, तेही सांगतो. पीएआय, म्हणजे तुमच्या दुखापतीचं कव्हर: ट्रॅव्हल पॉलिसीत हॉस्पिटलचा खर्च असेल तर नको. पीईसी, गाडीतल्या सामानाचं: तेच. प्रीपेड फ्युएल, भरलेल्या टाकीचे पैसे आधीच देणं: टाकी अगदी ठणठणीत रिकामी करून परत देणार असाल तरच परवडतं. नाहीतर फुल टू फुल घ्या, म्हणजे भरलेली टाकी घेऊन भरलेलीच परत द्यायची, परतीच्या ठिकाणाच्या जवळच्या पंपावर भरा आणि पावतीचा, इंधनाच्या काट्याचा आणि किलोमीटरचा फोटो एकाच वेळी काढून ठेवा.